इंजिन बसले, पण चेनचे काय?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बंद पडलेल्या टू-स्ट्रोक एटीव्हीमध्ये (खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या चारचाकी गाडीत) मोटारसायकलचे फोर-स्ट्रोक इंजिन बसवून ती पुन्हा चालती करणाऱ्या दोन तरुणांची हकिकत आपल्या रविवारच्या पुरवणीत वाचली. भंगारात जाणारे यंत्र हौसेने उभे करणारी मुले इंदुरात अजून आहेत, हे वाचून बरे वाटले. मात्र फाउंडेशनची, म्हणजे इंजिन चौकटीला बसवायची, भोके जुळवली आणि दोन पट्ट्या वेल्ड केल्या की काम झाले, असा जो त्या मजकुराचा सूर आहे, तो वाचल्यावर गप्प बसवेना. पोलोग्राउंड भागात मी ३० वर्षांहून अधिक काळ लेथवर काम केले असून, इंजिन बदलून बिघडवलेल्या गाड्या माझ्याकडे पुष्कळ आल्या. म्हणजे ज्या सवयीबद्दल आज तक्रार करतो आहे, तिच्यावर माझे घर काही अंशी चालले, हेही कबूल केले पाहिजे.

सर्वसाधारण बोलण्यापेक्षा एकाच गाडीची कथा सांगतो. माझ्या भाच्याची इंदूरजवळच्या चोरलपाशी शेती आहे आणि त्याने एका बंद झालेल्या रिसॉर्टमधून यामाहा ब्लास्टर ही क्वाड, म्हणजे चार चाकांची एटीव्ही, विकत घेतली. यामाहाने १९८८ ते २००६ या काळात बनवलेली ही साधी गाडी आहे: हवेने थंड होणारे १९५ सीसीचे एका सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन, सहा गिअर, किकने सुरू होणारी, रिव्हर्स नाही, आणि मागचा सबंध आस एका चेनने फिरतो. आपल्याकडे अशा गाड्या तुरळक, कुणीतरी बाहेरून आणलेल्या, त्यामुळे पिस्टन किंवा कॉइल गेली की सुटा भाग मिळता मिळत नाही. इंजिन बदलण्याचा विचार तिथूनच सुरू होतो, त्यात गैर काही नाही. भाच्याने गाडी घेतली तेव्हाच तिच्यात एका भारतीय मोटारसायकलचे १८० सीसी वर्गातले, कार्ब्युरेटरचे फोर-स्ट्रोक इंजिन बसवलेले होते. दुसऱ्या गावच्या एका वर्कशॉपने ते काम केले होते. मूळ इंजिन गोणपाटात बांधून फुकट सोबत दिले होते.

दोन महिन्यांत तीन चेन तुटल्यावर भाच्याचा फोन आला, “मामा, इंजिन तर मस्त चालतंय, फक्त चेन टिकत नाही.” जाऊन पाहिले. चेनची एका बाजूची आतली पट्टी राखेने घासलेल्या पितळी तांब्यासारखी लखलखत होती आणि दुसऱ्या बाजूची काळीच होती. चेन ज्या दातेरी चक्रावर फिरते, त्या मागच्या स्प्रॉकेटचे दातही एकाच अंगाने झिजले होते. खिडक्यांना लावतात तशी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी मी मागच्या स्प्रॉकेटच्या सपाट अंगाला टेकवून पुढे धरली, तेव्हा पुढच्या स्प्रॉकेटपाशी ६ मिलिमीटरची फट निघाली. शिसपेन्सिल जेमतेम अडकेल एवढी ती फट, पण चेन मिनिटाला शेकडो वेळा त्या तिरकेपणातून वाकून जात होती. इंजिन बसवणाऱ्याने ते दोन उभ्या पाइपांच्या बरोबर मध्ये, डोळ्यांना छान दिसेल असे बसवले होते. चेनच्या रेषेशी त्या मध्याचा काही संबंध नसतो. कोणत्याही इंजिनाचे पहिले माप पुढच्या स्प्रॉकेटवरून घ्यावे, ते मागच्या स्प्रॉकेटच्या रेषेत आणावे, आणि मग बाकीचे इंजिन जिथे जाईल तिथे जाऊ द्यावे.

यावर पुष्कळजण पुढच्या स्प्रॉकेटमागे वॉशर घालून फट भरतात. थोड्या फरकाला ते चालते, परंतु ६ मिलिमीटरमध्ये स्प्रॉकेट शाफ्टच्या खाचांच्या टोकाशी येते आणि अर्ध्याच खाचांवर सगळा ओढा पडतो. मी मागच्या स्प्रॉकेटचे हब लेथवर धरून त्याचे बैठकीचे तोंड तेवढे आत घेतले, कारण तिथे धातू भरपूर होता.

दुसरी चूक डोळ्यांना दिसतच नव्हती. मागचा आस ज्या स्विंगआर्मवर वर-खाली होतो, त्याच्या बिजागरीजवळ मूळ इंजिनाचे पुढचे स्प्रॉकेट होते. नवे इंजिन चार बोटे पुढे गेले होते. हे अंतर वाढले की गाडी खड्ड्यात बसताना चेन ताणली जाते आणि वर उठताना लोंबते, त्यामुळे गाडी स्टँडवर उभी करून लावलेला ढिलेपणा प्रत्यक्ष चालताना खोटा ठरतो. पुढच्या स्प्रॉकेटचा मध्य, बिजागरी आणि मागचा आस हे तिन्ही एका रेषेत येतात तेव्हा चेन सर्वांत ताठ असते. म्हणून शॉकॲब्सॉर्बरचा बोल्ट काढून, आस हाताने उचलून ती जागा शोधावी आणि ढिलेपणा तिथे मोजावा. या कामाला दहा मिनिटे लागतात. वर्कशॉपने ती दिली नव्हती.

चेनचे मापही बदलले होते. आपल्या रोजच्या बहुतेक मोटारसायकलींना ४२८ क्रमांकाची चेन असते, तिच्या दोन पिनांमधले अंतर १२.७ मिलिमीटर. या क्वाडला मुळात ५२० क्रमांकाची, म्हणजे १५.८७५ मिलिमीटर अंतराची चेन. पुढे मोटारसायकलचे स्प्रॉकेट राहिल्यामुळे मागचे नवे कापावे लागले होते आणि ते साध्या पत्र्यातून कापले होते, पाणी देऊन कडक केलेले नव्हते. दात नखाएवढे वळले होते. शिवाय गिअरचा हिशेब कुणी केलेला दिसला नाही. क्वाडचा मागचा टायर साधारण २० इंच व्यासाचा, तर मोटारसायकलचे मागचे चाक टायरसकट सुमारे २५ इंच व्यासाचे असते. त्यामुळे तीच स्प्रॉकेटे ठेवली तर वेग आपोआप एक पंचमांशाने कमी होतो. वर्कशॉपने तो वेग भरून काढण्यासाठी मागचे स्प्रॉकेट लहान केले होते. शेतात चिखल ओढणाऱ्या गाडीला याच्या नेमके उलट हवे असते. परिणामी पहिल्या गिअरमध्ये अर्धा क्लच दाबून चालवावे लागे आणि क्लचप्लेटा जळाल्याचा वास गोठ्यापर्यंत येई.

तिसरी गोष्ट तेलाची. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँक आणि पिस्टन यांना लागणारे तेल पेट्रोलच्या वाफेबरोबरच आत येते. खाली साठवलेले तेल असते ते फक्त गिअर आणि क्लचसाठी. म्हणून ते इंजिन थोडे पुढे-मागे कलले तरी त्याची तक्रार नसते. फोर-स्ट्रोकमध्ये सगळे तेल तळाशी साठते, पंप ते जाळीतून ओढून वर व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टपर्यंत पोचवतो आणि ते पुन्हा खाली ओघळते. या इंजिनाचे डोके व्हॉल्व्हमुळे उंच, ते क्वाडच्या वरच्या पाइपाला लागत होते, म्हणून बसवणाऱ्याने अख्खे इंजिनच मागे कलवून बसवले. आता तेल मागच्या कोपऱ्यात जमा होते, मापाची काडी भलतेच सांगते, आणि चोरलकडचा चढ लागला की गाडीबरोबर इंजिन आणखी कलून जाळी उघडी पडते. मी वरचे झाकण काढले, तेव्हा कॅमशाफ्टच्या उंचवट्यांवर नख अडकेल असे ओरखडे होते. तेल कमी पडले होते का, असे भाच्याला विचारले. त्याने दर रविवारी काडी पाहिली होती आणि ती दर रविवारी पूर्ण भरलेली दिसली होती.

हे सगळे पैशांचे नुकसान. अंगावर बेतले ते निराळेच. टू-स्ट्रोक गाडीचा थ्रॉटल सोडला की ती जवळपास मोकळीच घरंगळते. फोर-स्ट्रोक इंजिन मात्र थ्रॉटल सोडताच चाकांना जोरात अडवते. मोटारसायकलवर ही सोय वाटते. ब्लास्टरसारख्या क्वाडच्या मागच्या आसाला दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल नसते, दोन्ही चाके एकाच दांड्यावर असतात, आणि मागचा ब्रेकही त्या दांड्यावरच एक असतो. पावसाळ्यात ओल्या काळ्या मातीच्या उतारावर भाच्याकडच्या गड्याने सवयीप्रमाणे खालचा गिअर टाकला आणि थ्रॉटल सोडला. दोन्ही मागची चाके एकदम अडली, मागचा भाग आडवा घसरला आणि गाडी कुशीवर पडली. गड्याचा खांदा सुजण्यावर निभावले. इंजिन उंच आणि जड झालेले, त्यात सेल्फस्टार्टसाठी बॅटरीही सीटखाली ठेवलेली, त्यामुळे गाडी पडायला आधीच तयार होती. ताकद म्हणाल तर जवळपास पूर्वीएवढीच. एवढा खटाटोप करून मिळाले काय, तर बटणावर सुरू होणे आणि धूर नसणे.

सायलेन्सरबद्दल थोडक्यात लिहितो. मूळ गाडीचा पोटाला फुगलेला पाइपच नव्या इंजिनाला वेल्ड केला होता. तो फुगवटा टू-स्ट्रोकसाठी असतो: बाहेर पडणाऱ्या वायूंची लाट त्यातून परत फिरते आणि निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये ढकलते. फोर-स्ट्रोकला व्हॉल्व्ह असल्यामुळे या ढकलण्याचा उपयोग नाही, उलट तो पाइप श्वास कोंडतो.

आता कोणते इंजिन घ्यावे, याबद्दल आपल्या शहरात जे सल्ले फिरतात त्यांच्याविषयी. शेजारच्या पीथमपूरला तयार झालेली कायनेटिक होंडा इंदुरात घरोघरी होती, तिचे ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन आजही कोपऱ्याकोपऱ्यात पडलेले सापडते, आणि गिअर बदलण्याची कटकट नसल्यामुळे ते क्वाडमध्ये घाला असे मला दोघांनी तरी सुचवले आहे. परंतु त्या स्कूटरचे इंजिन, गिअरऐवजी असलेला पट्ट्याचा व्हेरिएटर आणि मागचे चाक हे एकाच घडणीत असून ते इंजिन स्वतःच चाकाबरोबर वर-खाली हलते. त्याला चेन लावायला बाहेर आलेला शाफ्टच नाही. रिक्षाचे इंजिन सुचवणाऱ्यांचे म्हणणे अधिक विचार करण्याजोगे आहे, कारण त्यात रिव्हर्स असतो आणि पंख्याची जोराची हवा असल्यामुळे हळू चालतानाही ते तापत नाही. शेतातल्या कामाला या दोन्ही गोष्टी सोन्यासारख्या. अडचण अशी की मागे इंजिन असलेल्या रिक्षात गिअरबॉक्सलाच डिफरन्शियल जोडलेले असते आणि त्यातून दोन बाजूंना दोन शाफ्ट निघतात. एका चेनने फिरणाऱ्या अखंड आसाशी त्याचे जमवायचे म्हणजे क्वाडचा मागचा अर्धा भाग नव्याने बांधणे आले. तेवढी तयारी असेल त्याने जरूर करावे, मात्र त्याला इंजिन बदलणे म्हणू नये.

राजदूत ३५० च्या चाहत्यांचाही एक गोड गैरसमज आहे. यामाहाच्या बॅन्शी या दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक क्वाडचे इंजिन ३४७ सीसीचे, बोअर (सिलिंडरचा व्यास) ६४ आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ५४ मिलिमीटर. आपल्याकडे १९८३ पासून निघालेल्या राजदूत ३५० चीही मापे नेमकी हीच. एकाच घराण्यातली ती दोन भावंडे आहेत, हे खरे. तरी बॅन्शीचे इंजिन पाण्याने थंड होणारे, राजदूतचे हवेने, आणि मधल्या वर्षांत बदललेले पुष्कळ काही. बोअर-स्ट्रोक सारखा म्हणून इंजिन अदलाबदल होते, असे समजणे म्हणजे चपलेचे माप सारखे म्हणून सोयरीक जुळवण्यासारखे आहे.

नव्या गाड्यांच्या इंजिनांबद्दल एवढेच लिहितो की १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर मोटारसायकलींमध्ये पेट्रोल इंजेक्शनने येऊ लागले, आणि अशा इंजिनाबरोबर त्याचा कंट्रोल बॉक्स, टाकीतला पंप, सायलेन्सरमधला सेन्सर आणि पूर्ण वायरिंग न तोडता मिळणार नसेल, तर ते कितीही स्वस्त मिळो, घेऊ नये. कापलेल्या वायरी पुन्हा जुळवण्यात माझ्या ओळखीच्या एका चांगल्या इलेक्ट्रिशियनचा अख्खा वैशाख गेला.

सर्वांत वाईट वाटले ते गोणपाट सोडल्यावर. मूळ इंजिन मी बाकावर ठेवून उघडले. पिस्टनवर सायलेन्सरच्या बाजूला उभे ओरखडे होते, रिंगा चिकटल्या होत्या, पण क्रँक हाताने गुळगुळीत फिरत होता. उघडण्यापूर्वी एक परीक्षा केली होती, तीही सांगतो, कारण ती घरच्या घरी होते. सायलेन्सर आणि कार्ब्युरेटरची तोंडे रबरी बुचांनी बंद केली आणि रक्तदाब मोजण्याच्या जुन्या तबकडीच्या यंत्राचा फुगा जोडून इंजिनात हवा भरली. त्या तबकडीवरचे ३०० म्हणजे सुमारे ६ पीएसआय, आणि टू-स्ट्रोक इंजिन तपासायला तेवढाच दाब लागतो. शाबूत इंजिनात काटा काही मिनिटे तसाच उभा राहतो. इथे तो डोळ्यांदेखत उतरला. साबणाचे पाणी लावल्यावर मॅग्नेटच्या बाजूला क्रँकच्या ऑइलसीलपाशी बुडबुडे आले. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की त्या सीलचे रबर पापडासारखे कडक होते, तिथून जादा हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होते, पातळ मिश्रण जास्त तापते आणि पिस्टन धरतो, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसतो. त्या इंजिनाला काय झाले होते, ते एवढेच. सील मापावर मिळते, सियागंजमध्ये बेअरिंगच्या दुकानी पेट्रोलला टिकणाऱ्या रबराचे मागितले की देतात. सिलिंडर ओव्हरसाइज पिस्टनच्या मापाला बोअर करता येतो. पिस्टन बाहेरून मागवावा लागतो, त्याला वेळ लागतो, पण तो मिळतो. इंजिन बदलण्याआधी कुणी तास-दोन तास खर्चून ही परीक्षा केली असती, तर पुढचे काहीच घडले नसते. सील न बदलता नुसता पिस्टन टाकला असता तर तोही पंधरा दिवसांत धरला असता, हेही खरे, आणि टू-स्ट्रोकची बदनामी बहुधा अशाच अर्धवट दुरुस्त्यांनी झाली आहे.

आपल्याच परिसरात या विषयाची शाळा भरते, याची आठवण त्या लेखात असायला हवी होती. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स या वाहन-चाचणी केंद्राच्या आवारात अभियांत्रिकी महाविद्यालयांची ‘बाहा’ स्पर्धा होत आली आहे, आणि तिथल्या मुलांच्या गाड्यांनाही एटीव्हीच म्हणतात. त्या स्पर्धेत वर्षानुवर्षे सगळ्या संघांना एकाच प्रकारचे, १० अश्वशक्तीचे फोर-स्ट्रोक इंजिन वापरावे लागे. मग फरक पडतो तो चौकट, स्विंगआर्म आणि गिअर यांच्या बांधणीत. शिवाय गाडी मैदानात सोडण्यापूर्वी तिचे चारही ब्रेक एकदम लागून चारही चाके अडली पाहिजेत, हे पाहतात, आणि चालकाच्या हाताशी एक व बाहेरून कुणालाही दाबता येईल असे एक, अशी इंजिन बंद करणारी दोन बटणे मागतात. आपल्या तरुणांच्या गाडीत ब्रेक पूर्वीचेच आहेत की बदलले, याचा लेखात उल्लेख नाही. बंद करण्याचे बटणही छायाचित्रात कुठे दिसले नाही.

छायाचित्रावरून आणखी एक. त्यात गाडी बायपासलगतच्या डांबरी रस्त्यावर, नंबरप्लेटशिवाय आणि हेल्मेटशिवाय दिसते. अशी क्वाड नोंदणीची नसते, म्हणून ती शेतात किंवा खाजगी आवारातच चालवावी. नोंदणी असलेल्या दुचाकीच्या बाबतीत तर परवानगीविना केलेल्या फेरफाराला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात प्रत्येक फेरफारामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. इंजिन भंगारातून घेताना त्यावरचा नंबर कानशीने घासलेला नाही ना, हे उजेडात धरून पाहावे आणि ज्या गाडीतून ते निघाले तिच्या कागदांची प्रत व पावती मागून घ्यावी. विकणारा टाळाटाळ करू लागला तर दुकानाची पायरी उतरावी.

भाच्याची क्वाड सध्या माझ्या पडवीत दोन ठोकळ्यांवर उभी आहे. फोर-स्ट्रोक इंजिन उतरवले असून वेल्ड केलेल्या पट्ट्या कापून चौकट पूर्वीसारखी केली आहे, मागचे हब पुन्हा मूळ मापाचे करावे लागणार आहे, आणि पिस्टनचे पार्सल यायचे आहे. त्या दोन तरुणांनी आपली गाडी घेऊन सुदामानगरला यावे, ॲल्युमिनियमची पट्टी माझ्याकडे आहे. माझा पत्ता आपल्या कार्यालयाला ठाऊक आहे, तो त्यांना द्यायला हरकत नाही. सकाळी दहानंतर मी घरीच असतो.

आपला,
एक जुना वाचक व निवृत्त लेथ कारागीर,
इंदूर